मधली तेहतीस पानं

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खरं तेच लिहीन. कुणाला दाखवायचंच नाही म्हटल्यावर खोटं लिहून फायदा काय?

निवृत्तीला सात महिने झाले. सव्वीस वर्षं बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीमागे माइकसमोर काढली. माझ्या आवाजावर गाड्या सुटायच्या. वेळेवर नाही सुटायच्या, पण तो ड्रायव्हर मंडळींचा दोष. आता तो आवाज घरात नुसता पडून आहे. बायको म्हणते, पडून कुठाय, सकाळपासून चालूच आहे. दूधवाला आला हे मी तीनदा जाहीर करतो आणि तिसऱ्यांदा करतो तेव्हा तो गेलेला असतो, असं तिचं म्हणणं.

सार्वजनिक वाचनालयात रोज पेपर वाचायला जातो. तिथे बोर्डावर सूचना लागली आहे: ‘घरपोच वाचन’. ज्यांना दिसत नाही किंवा उठून बसवत नाही त्यांच्या घरी स्वयंसेवकाने आठवड्यातून दोनदा जायचं, तासभर पुस्तक वाचून दाखवायचं. सगळ्यात जास्त पानं वाचणाऱ्याला ५ एप्रिलला, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, प्रशस्तिपत्र.

संकल्प: पाचशे पानं. प्रशस्तिपत्र कुठे लावायचं तेही ठरवलं. कॅलेंडरच्या जागी.

६ जानेवारी, मंगळवार

टेस्ट झाली. ग्रंथपालबाईंनी एक उतारा दिला. मी जीव ओतून वाचला. शेवटचं वाक्य लंगडं पडत होतं म्हणून दोन शब्द पदरचे घातले. ग्रंथपालबाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आवाज चांगला आहे, फक्त जे लिहिलंय तेच वाचायचं. भारावल्या होत्या, पण पदामुळे दाखवता येईना.

दुसरा उमेदवार एक निवृत्त पोस्टमन. ओळीखाली बोट ठेवून वाचतो, पाकिटावरचा पत्ता वाचावा तसा. याला कुणी घरात घेईल का, शंका आहे.

गुलाबी कार्ड मिळालं. तारीख, पान कुठून, पान कुठपर्यंत, सही. सही आपली आपणच करायची. सगळा विश्वासावर कारभार. चांगली पद्धत.

९ जानेवारी, शुक्रवार

माझ्या वाट्याला आलेल्या बाई ऐंशीच्या घरातल्या. दुसरा मजला, बेचाळीस पायऱ्या. भाचीजवळ राहतात. भाची दार उघडते आणि कामाला निघून जाते. खिडकीशी लाकडी हातांची एक खुर्ची, समोर माझ्यासाठी दुसरी. वाचनालयाने त्यांना आधी रेकॉर्ड केलेली पुस्तकं ऐकायचं यंत्र दिलं होतं. त्यांनी परत पाठवलं. म्हणाल्या, मला खोकला आला तरी ते थांबत नाही.

पुस्तक त्यांनीच मागितलं. नदीवर नाव चालवणाऱ्या घराण्याच्या तीन पिढ्यांची कादंबरी, पाचशे चाळीस पानं. दुसरीच आवृत्ती हवी, पहिली नको, असं दोनदा बजावलं होतं म्हणे. शिक्षिका असाव्यात.

पाचशे चाळीस! अख्खं प्रशस्तिपत्र एका पुस्तकात.

११ जानेवारी, रविवार

वाचनालयातून आणलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. सूचनापेटीत दीड पानी तक्रार टाकली. सार्वजनिक पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्या इसमाचं सभासदत्व रद्द करावं, अशी मागणी केली. कुणीतरी बोलायलाच हवं.

१३ जानेवारी, मंगळवार

पान १ ते १९. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला. आजोबांना खर्जातला, नातीला बारीक. बाई डोळे मिटून ऐकतात. उजव्या हाताची चिमूट खुर्चीच्या हातावर सारखी टपटपत असते. ताल धरत असाव्यात.

मधेच म्हणाल्या, तिथे स्वल्पविराम आहे ना? पाहिलं तर होता. कान तिखट आहे.

२० जानेवारी, मंगळवार

गुडघा. बेचाळीस पायऱ्या शक्यच नव्हत्या. फोन करून कळवलं. बाई म्हणाल्या, असू द्या, जपा.

संध्याकाळी मित्रांबरोबर टेकडीवर फिरून आलो. चढताना काही वाटलं नाही. गुडघ्याचं असंच असतं.

२७ जानेवारी, मंगळवार

वाचनालयात पाण्याच्या फिल्टरशेजारी तक्ता लावला आहे. कुणाची किती पानं. पोस्टमन ७१. मी ४०. हे बरोबर नाही. त्याच्याकडे पाठदुखीने अंथरुणाला खिळलेले एक वकील आहेत, त्यांच्या घराला लिफ्ट आहे.

आज पान ४१ ला धुकं सुरू झालं. पान ४४ पर्यंत धुकंच. नदीवर धुकं, नावेवर धुकं, आजोबांच्या मिशीत धुकं. बाईंना नाहीतरी दिसत नाही, त्यांना धुक्याचं काय? सरळ पान ४५ घेतलं. कथेला वेग आला. कार्डावर ४१ ते ६२ लिहिलं, कारण पानं तेवढीच ओलांडली.

घरी येताना पोटात कसंतरी झालं. ॲसिडिटी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

विचार केला. जलद गाडी प्रत्येक थांबा घेत नाही. म्हणून ती कुठे कमी पोचते का? उलट प्रवासी दुवा देतात. सव्वीस वर्षं मी स्वतः घोषणा केली आहे की ही गाडी मधले थांबे घेणार नाही. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही.

पान ८३ ते १२१. यातले थांबे अकरा.

७ फेब्रुवारी, शनिवार

स्वयंसेवकांची बैठक. बालविभागात, लहान मुलांच्या खुर्च्यांवर. गुडघे कानाला लागले. पोस्टमन १३०, मी १६४. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, बाई तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. म्हणाल्या, आवाज छान आहे आणि येतात हेच खूप.

‘येतात हेच खूप’ याचा अर्थ कौतुक असाच घ्यायचा.

पोस्टमनने मला बाजूला घेऊन विचारलं की इतकी पानं एका तासात कशी होतात, मला तर सोळापुढे जाता येत नाही. श्वासाचं तंत्र, असं सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. पुन्हा ॲसिडिटी. बैठकीतला चहा कडक होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाई ३१ मार्चला लेकीकडे कायमच्या राहायला जाणार. लेक दुसऱ्या गावी असते. म्हणाल्या, तोवर पुस्तक संपलं तर बरं होईल, तिकडे असं कुणी वाचून दाखवणारं नाही. सहजच म्हणाल्या, पण खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

मी शब्द दिला. म्हणजे आता पानं गाळणं हा आळस नसून कर्तव्य आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज अडचण आली. पान १८० वरून २०४ वर आलो. पाहतो तर घरात सगळे गप्प बसलेले, थोरल्या भावाची नाव विकायला काढलेली. बाईंनी विचारलं, थोरल्याचं काय झालं?

वेळ नव्हता. म्हणालो, तापाने गेला. तीन दिवसांत. एक वाक्य रचून तिथल्या तिथे वाचलंसुद्धा: ‘तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने आईच्या हातून पाणी घेतलं आणि डोळे मिटले.’ 

बाईंनी फक्त विचारलं, तीनच दिवसांत? परिणाम झाला होता.

लेखक व्हायला हवं होतं मी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

घरी सराव करताना बायको भाजी चिरत ऐकत होती. म्हणाली, एकदम चार-पाच पानं उलटली की आवाज वेगळा येतो. मी म्हणालो, तुझं लक्ष भाजीत असू दे. ती म्हणाली, माझं भाजीतच आहे, ज्यांना दिसत नाही त्यांचं कशात असेल?

बायकांना तंत्र कळत नाही. तरी उद्यापासून पानं खोकत उलटायची.

६ मार्च, शुक्रवार

आज बारा वाजता फायनल मॅच. सकाळी ११ वाजता बाईंकडे. पान २९८ संपलं आणि एकोणिसावं प्रकरण लागलं. मागे चाळून पाहिलं. तेहतीस पानं, आणि घडत काहीच नाही. बाप आणि लेक नुसते नावेतून पलीकडच्या काठाला जातात. तेहतीस पानांत!

खोकलो आणि थेट पान ३३२ घेतलं, विसावं प्रकरण.

बाईंचा हात थांबला. म्हणाल्या, मधे काही नाही?

मी म्हणालो, नाही. आवाज जरा घोगरा निघाला. खोकल्यामुळे.

त्या म्हणाल्या, बरं. मग थोड्या वेळाने पुन्हा, बरं. त्यानंतर मी निघेपर्यंत हात टपटपला नाही. झोप लागली असावी. पावणेबाराला निघालो. मॅच आपण हरलो. सगळं मुसळ केरात.

१० मार्च, मंगळवार

लेखक ढिसाळ आहे. विसाव्या प्रकरणात बाप आजारी पडतो आणि लेक एकदम उठून भर पुरात एकटी नाव पलीकडे नेते. कुठून शिकली? काल तर दोर सोडता येत नव्हता. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, इथे लेखक साफ फसला आहे. काही लोकांना मधल्या गोष्टी लिहायचाच कंटाळा.

बाईंचा चेहरा एकदम पडला. म्हणाल्या, तसं म्हणू नका हो. लेखकाची चूक नाही ती.

आवडत्या लेखकावर टीका सहन होत नाही लोकांना.

१३ मार्च, शुक्रवार

अनर्थ.

पान ४०२. दार वाजतं. दारात ट्रंक घेऊन थोरला भाऊ उभा. ठणठणीत. तो मेलाच नव्हता. दुसऱ्या नदीवर कामाला गेला होता, ते म्हणे मी न वाचलेल्या पानांत आहे.

ऐनवेळी त्याला मावसभाऊ केला. पण आई ‘माझं लेकरू परत आलं’ म्हणून रडायला लागली. तीन ओळी खोकत काढल्या. बाईंनी पाणी देऊ का विचारलं.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ७ ते दुपारी १.

थोरला भाऊ इथून पुढे प्रत्येक पानावर आहे. घरी बसून पेन्सिलीने ‘दादा’ खोडून ‘मावसभाऊ’ केलं. ‘आई’ची ‘मावशी’ केली. पण आई बाकीच्यांची आईच राहायला हवी, म्हणून काही ठिकाणी परत ‘आई’. वाचायची ठेवलेली अडतीस पानं, सहा तास. हाताला गोळे आले. एवढ्या वेळात गाळलेली सगळी पानं वाचून झाली असती, असं बायको म्हणाली.

११ जानेवारीच्या तक्रारीबद्दल: ती वेगळ्या प्रकारच्या खुणांबद्दल होती.

२४ मार्च, मंगळवार

पान ५४०. समाप्त. कार्ड भरलं. पोस्टमन ३५२.

बाई म्हणाल्या, शुक्रवारी एकदा या, वाचायला नको, नुसतेच या. भेटवस्तू असणार.

२७ मार्च, शुक्रवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाईंनी भाचीला आज घरी थांबवलं होतं. चहा दिला. मग तिला आत पाठवलं आणि बोलल्या.

त्या शिक्षिका नव्हत्या. छापखान्यात होत्या. एकतीस वर्षं प्रूफं तपासली. त्याआधी शिशाचे टाइप जुळवायच्या. खुर्चीच्या हातावर चिमूट चालायची ती त्याची सवय. ही कादंबरी पहिल्यांदा त्यांच्याच छापखान्यात छापली गेली. प्रूफं त्यांच्याकडे होती. एकोणिसाव्या प्रकरणात, पान तीनशे सातच्या आसपास, हस्तलिखितात नऊ ओळींचा एक परिच्छेद होता: बाप भर पाण्यात वल्हं लेकीच्या हातात देतो आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून बसतो. तो परिच्छेद त्यांच्या हातून गळला. हस्तलिखिताचा एक चिठोरा टेबलाखाली पडला होता, पुस्तक बांधून झाल्यावर सापडला. तेवढ्या नऊ ओळी नसल्या की ती मुलगी नाव चालवायला कुठे शिकली तेच कळत नाही. वाचणाऱ्यांनी लेखकाला नावं ठेवली, ढिसाळ म्हणाले. त्या चिठोरा घेऊन लेखकाकडे गेल्या. लेखकाने तो खिशात ठेवला, पुन्हा त्या छापखान्यात आला नाही.

दुसरी आवृत्ती दुसरीकडे छापली गेली. तीत तो परिच्छेद घातला की नाही, हे बाईंनी कधी पाहिलं नाही. म्हणाल्या, “डोळे होते तेव्हा धीर नव्हता. धीर झाला तेव्हा डोळे गेले.” कुणाला विचारायची लाज वाटायची. म्हणून ठरवलं, कुणीतरी पहिल्या पानापासून वाचत यावं आणि ती जागा आपोआप यावी. आली तर आली.

मग त्या म्हणाल्या की मी इथेतिथे पानं गाळतो हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं, माणूस दमतो, चालायचंच. पण ते प्रकरण मी अख्खं काढलं, आणि मधे काही नाही का विचारल्यावर माझा आवाज बदलला, तेव्हा त्या समजल्या. वाचनालयातल्या कुणा जुन्या माणसाने मला ही गोष्ट सांगितली असणार. परिच्छेद या आवृत्तीतही नसणार. आणि मला ते त्यांच्या तोंडावर वाचवेना.

“तुम्ही माझी लाज राखलीत,” बाई म्हणाल्या. “त्याबद्दल आभार मानायला बोलावलं. कळलं ते बरं झालं. आता विषय मिटला.”

मी मान हलवली. त्यांना दिसत नाही हे जिना उतरताना लक्षात आलं. मग खरं सांगण्याऐवजी तीच मान हलवणं मला पुरलं, असंही लक्षात आलं.

ॲसिडिटीची गोळी घेतली. उपयोग झाला नाही.

२९ मार्च, रविवार

पुस्तक दोन दिवस कपाटावर ठेवलं होतं. आज उघडलं. पान ३०७.

परिच्छेद आहे. नऊ ओळी. वल्हं, लेकीचे हात, बापाची पाठ. सगळं आहे. लेखकाने तो चिठोरा जपून ठेवला होता आणि पुन्हा छापायला दिला होता.

म्हणजे मी फक्त जे लिहिलंय ते वाचलं असतं, तर ६ मार्चला सव्वाअकरा वाजता बाई मोकळ्या झाल्या असत्या. त्याऐवजी आता त्या ‘नाही’ असं धरून चालल्या आहेत. माझ्या शब्दावर.

जाऊन सांगायला हवं. पण सांगितलं तर हेही सांगावं लागेल की मला काही ठाऊक नव्हतं आणि घरी मॅच होती.

३० मार्च, सोमवार

सामानाची बांधाबांध चालली असेल. आज जाणं बरं दिसत नाही. उद्या गाडीवर गाठेन. सव्वादहाची गाडी आहे. ती सव्वीस वर्षांत एकदाही पावणेअकराच्या आत सुटलेली नाही. मला नाही माहीत तर कुणाला?

३१ मार्च, मंगळवार

सव्वादहाची गाडी सव्वादहाला सुटली.

मी दहा वाजून सोळा मिनिटांनी पोचलो. गाडी फाटकातून वळत होती. धावत चौकशीच्या खिडकीशी गेलो, माइकवरून थांबवता आली असती. खिडकीत आता कुणी बसत नाही. रेकॉर्डिंग आहे, एका बाईच्या आवाजात, स्वच्छ आणि बिनचूक. सगळे थांबे घेते.

पुस्तक काखेत घेऊन बाकावर बसलो. ओळखीचा एक कंडक्टर भेटला. म्हणाला, काय साहेब, कुठे निघालात? मी म्हणालो, कुठेच नाही.

२ एप्रिल, गुरुवार

काल दिवसभर एकच विचार: झालं ते झालं, बाई ऐंशीच्या पुढच्या, कशाला पुन्हा उकरा. बायकोला सगळं सांगितलं, ती माझ्या बाजूने बोलेल या आशेने. ती हातातलं काम बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. काहीच बोलली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं.

आज वाचनालयात गेलो. लेकीचा फोन नंबर मागितला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, असा कुणाचा नंबर देता येत नाही, काम काय आहे? तेव्हा काउंटरवर उभं राहून सांगावं लागलं. धुकं, थांबे, ताप, मावसभाऊ, सगळं. मागे रांगेत तीन माणसं होती. त्यांतला एक पोस्टमन.

पुस्तकही द्यावं लागलं. ग्रंथपालबाईंनी उघडलं ते नेमकं पेन्सिलीच्या पानावर. ड्रॉवरमधून एक खोडरबर काढून माझ्यासमोर ठेवला, आणि शेजारी माझीच ११ जानेवारीची दीड पानी तक्रार. दोन तास वाचनकक्षात बसून खोडत होतो. पोस्टमन समोर येऊन बसला. मला वाटलं हसणार. त्याने दुसरा खोडरबर आणला होता. निम्मी पानं त्याने खोडली. मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

नंबर मिळाला. पुस्तकही पुन्हा मिळालं. गुलाबी कार्ड काढून घेतलं.

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ११.

फोन तीनदा लावून तीनदा ठेवला. चौथ्यांदा लेकीने उचलला, बाईंना दिला.

मी सांगितलं की आभार चुकीच्या माणसाचे मानलेत. मला काही माहीत नव्हतं, प्रकरण लांब होतं, मॅच होती, म्हणून गाळलं. आणि परिच्छेद आहे. पान तीनशे सात.

फोन कट झाला असं वाटलं. झाला असता तर बरं, असंही वाटलं.

मग बाई म्हणाल्या, “वाचा.”

वाचलं. कुणाचा आवाज काढला नाही. पोस्टमनसारखं ओळीखाली बोट ठेवलं होतं, कारण ओळी हलत होत्या. नऊ ओळी संपल्या. त्या म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी फोनमधून बारीक टपटप ऐकू येत होती. संपल्यावर बाईंनी नाक पुसलं. मीही. लाज वाटत होती. ती ॲसिडिटी नव्हतीच कधी.

त्या म्हणाल्या, “मी आभार मानले होते ना, ते परत घेते.”

मी म्हणालो, हो.

“आणि तो थोरला तापाने मरत नाही.”

मी म्हणालो, हो, कळलं नंतर.

“मंगळवारी अकराला फोन करा. पान एक्केचाळीसपासून. धुक्यापासून.”

५ एप्रिल, रविवार

वर्धापनदिन. तक्त्यावर माझ्या नावापुढे ५४० वर काट मारून २३१ केलं आहे. आकडा मीच मोजून दिला. प्रशस्तिपत्र पोस्टमनला, ३८८. त्याला व्यासपीठावर दोन शब्द बोलायला सांगितलं तर तो म्हणाला, माझ्याकडे आलेलं मी पोचवतो, एवढंच. आणि खाली बसला. टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात, लोक वळून बघायला लागले.

कॅलेंडर होतं तिथेच आहे.

७ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११ ते १२.

धुकं. नदीवर, नावेवर, आजोबांच्या मिशीत. बाईंनी सात वेळा थांबवलं. दोनदा स्वल्पविराम खाल्ला म्हणून, एकदा खोकल्यासाठी, चारदा पुन्हा ऐकायचं म्हणून.

कार्ड नाही, म्हणून इथेच लिहितो. पान ४१ ते ४३. मधलं ४२ सुद्धा.